मुठीची बाजू

मालवण
९ फेब्रुवारी

सिल्व्हिया,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते राहून गेलं म्हणून नव्हे. ब्रॅंडनच्या लग्नापासून आपण बोललेलो नाही आणि मी काही समेट करायला बसलेली नाही. मला एक चाकू हवा आहे. घडीचा, खिशात मावणारा. म्हापशाच्या बाजारात तुझं लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि मला दुसरी बहीण नाही, म्हणून तुला लिहावं लागतंय.

फोन का केला नाही म्हणशील. घरात कॅमेरे बसवलेत. एक ओसरीवर, एक स्वयंपाकघरात आणि एक बाहेरच्या खोलीत, येशूच्या तसबिरीला अगदी लागून, त्यामुळे प्रार्थनेला बसले की दोघंही बघत असतात. ब्रॅंडन कतारला बसून बघतो. नुसता बघत नाही, ऐकतो आणि बोलतोही. परवा मी खोकले तर भिंतीतून आवाज आला, "मम्मी, औषध घेतलंस?" मी दचकले, हातातली बशी खाली. मग भिंतीने विचारलं, "काय फुटलां?"

निजायच्या खोलीत कॅमेरा नाही, तेवढी लाज त्याने राखली आहे. इथेच बसून लिहितेय. आपण जन्मभर मालवणी बोललो, पण कागद समोर आला की माझी शाळेतली भाषाच उतरते. बाईंचं पत्र आलं म्हणून हसू नकोस.

ओसरीच्या ग्रीलला त्याने फोनवरून उघडणारं कुलूप लावलंय. सकाळी थोडा वेळ उघडतं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा थोडा वेळ. चौतीस वर्षं मुलांच्या मधल्या सुट्टीची घंटा मी दिली, आता माझी मधली सुट्टी मुलगा देतो. विहिरीकडच्या मागच्या दाराला गज आहेत आणि त्याची किल्ली कतारला गेली. शेजारची यशोदा मासे घेऊन येते ती मागच्या पायरीवर बसते. तिथलं कॅमेऱ्याला दिसत नाही. मासे गजांतून आत येतात, पैसे गजांतून बाहेर जातात. काल म्हणाली, "बाय, तुज्यापेक्षा माजी कोंबडी बरी. ती तरी दिवसभर मोकळी फिरता." हे पत्र तीच नेईल. तिचा भाचा जितेंद्र मासळीची गाडी घेऊन म्हापशाला येतो.

हे सगळं का झालं तेही ऐक, कारण दुसऱ्याकडून ऐकशील ते वेगळं असेल. पावसाळ्यात विहिरीपाशी घसरले. नाताळात ब्रॅंडन आणि त्याची जेनिस घरी असताना माडाची झावळी तोडताना कोयती तळहातावर आली, टाके पडले. झालं. कोयती गेली, विळी गेली, सुऱ्या गेल्या. फ्रान्सिसचा घडीचा चाकू तेवढा त्याने 'पप्पांची आठवण' म्हणून बॅगेत टाकला, आणि विमानतळावर तपासणीत तो काढून घेतला गेला. नवऱ्याने जन्मभर खिशात वागवलेली वस्तू एका प्लास्टिकच्या टबात पडली. मला सांगताना ब्रॅंडन रडला. पण कुलूप लावताना नाही रडला.

आता घरात कापायला एक लोण्याची सुरी आहे. भाजी चिरलेली येते.

आमचं ठरलंय असं. मे अखेरपर्यंत मी कुठे पडले नाही, कापलं नाही, काही 'प्रकार' झाला नाही, तर मी या घरात राहायचं. झाला, तर जूनपासून पुण्याजवळच्या एका वृद्धांच्या संस्थेत. खोली बघून ठेवली आहे. फोटो पाठवलाय. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते.

मग चाकू कशाला, विचारशील. दोरी कापायला, सुपारी फोडायला, पावसाच्या तोंडावर आंब्याची कलमं बांधायला. आणि आपल्या घरात आपल्या खिशात आपली एक वस्तू असावी म्हणून. स्टेनलेस नको. पातं माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब नको. लगेच पाठव.

सिसिलिया


२३ फेब्रुवारी

सिल्व्हिया,

मिळाला. लाल प्लास्टिकच्या मुठीचा, फळं कापायचा, वर चेरीचं चित्र. सोबत चिठ्ठी, 'पेशंटांना हाच देतात.'

थट्टा करायची हौस फिटली असेल तर आता कामाचं बोलू. तुझ्याइतकं लोखंड मला कळत नाही, पण वापरलंय पुष्कळ. कलमाला ओढीत कापणारी धार लागते, दाबून कापणारी नाही. काडीवर एकच काप द्यायचा, तिरका आणि सलग. दुसऱ्यांदा पातं लावलंस की ती काडी टाकून दे, असं फ्रान्सिस म्हणायचा. स्टेनलेसला ती धार येते, पण गेली की घरच्या दगडावर परत येत नाही. आपल्याला हवं काळं पोलाद. खाऱ्या हवेत ते गंजतं हे मलाही ठाऊक आहे. रोज वापरलं, रोज पुसलं, तेलाचं बोट फिरवलं तर नाही गंजत. फ्रान्सिसच्या चाकूवर कधी डाग बघितलास?

मूठ शिंगाची असेल तर उत्तम. ओल्या हातातून सटकत नाही. झग्याला उजव्या बाजूने मी खिसा शिवून घेतलाय. टाचणीने शिवणीचा दोरा उसवून पुन्हा घातला, कारण कात्रीही नाही.

तू चिठ्ठीत आणखी एक ओळ लिहिलीस. 'ब्रॅंडनला कळलं तर?' हे तू मला विचारतेस? विहिरीपाशी मी घसरले ते त्याला दुसऱ्या दिवशी कतारला कसं कळलं, ते आधी सांग. मी सांगितलं नव्हतं. यशोदा तर त्याच्याशी बोलतही नाही. मालवणच्या बाजारात तुला भेटणारे पुष्कळ आहेत आणि तुझा त्याच्यावर भारी जीव आहे. त्याच्या लग्नाच्या जेवणात केकची सुरी तू माझ्या हातात दिलीस, हातातून हातात. आई असती तर तिथेच ओरडली असती, 'सुरी खाली ठेय गो, भांडान जाता.' सुरी हातोहात दिली की भांडण होतं, असल्यांवर माझा विश्वास नाही. पण केकचा तुकडा तोंडात जायच्या आत व्याह्यांसमोर तू म्हणालीस, "बाय, आता ह्यां घर तुजां रवाचां नाय." बरोबर आहे ना? हेच शब्द ना?

घर माझं राहिलं नाही, तुझं खरं ठरलं म्हणून मी तुला माफ करीन अशा भ्रमात राहू नकोस. खरं ठरलं म्हणून तर जास्त राग येतो.

सिसिलिया


९ मार्च

सिल्व्हिया,

हा दुसरा कुणासाठी पाठवलास? खटका दाबला की सापासारखा बाहेर येतो. मी निजायच्या खोलीत पहिल्यांदा उघडला तर मच्छरदाणी फाटली. सिनेमातल्या गुंडाला दे. झग्याच्या खिशात हा आपोआप उघडला तर मे अखेरपर्यंत थांबायचीही गरज उरणार नाही.

परत पाठवतेय. कोळंबीच्या पाटीत तळाशी. वास येईल, सहन कर.

विहिरीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तूच सांगितलंस तर. 'तू एकटी पडून राहिली असतीस, बाय, आणि मला तिसऱ्या माणसाकडून कळलं असतं.' वाचलं. पुन्हा वाचलं.

इथे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे काय ते सांगते. सकाळी उठते, कॅमेऱ्यासमोरून नीट, पाय उचलून चालते. चहा करताना हात थरथरला तर पाठ त्याच्याकडे करते. पिंगुळीची भाजीवाली हाक मारून जाते, मला ग्रीलपर्यंतच जाता येतं. काल मसुऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजत बसायची वेळ आली, इतकी मी रिकामी आहे. ओसरीवरून मानकुराद आंब्याचं झाड दिसतं, कैऱ्या धरल्यात, कीड पडलीय का ते जवळ जाऊन बघायचं असतं. मधल्या सुट्टीत मी पोचते तोवर भिंतीतून हाक येते, "मम्मी, आत ये, ऊन वाढलां." मी जाते आत. माझ्याच मुलाचं ऐकते, यात लाज नाही. लाज याची वाटते की हल्ली हाकेच्या आधीच पाय वळतात.

ते थांबलं पाहिजे, सिल्व्हिया. म्हणून चाकू. तुला पटलं नाही तरी पाठव.

सिसिलिया


२३ मार्च

सिल्व्हिया,

गेल्या आठवड्यात यशोदाने चाकू आणला, पण माझ्या हातात दिला नाही. मी गजांतून हात काढला तर मागे सरली. "तुज्या भयणीन सांगल्यान हा, हातात दिव नको. पायरेर ठेय, बाय आपण उचलतली." आणि ठेवला पायरीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी खाली बसून, गजांतून खांद्यापर्यंत हात घालून तो ओढला. यशोदा हसत होती. मीही हसले, गुडघा दुखत होता तरी.

उघडायला गेले तर उघडेना. पात्याला नखाची खाच असते ना, अंगठ्याचं नख रुतवायला, ती सापडेचना. दुसऱ्या अंगाला निघाली. मला वाटलं लोहाराने उलटं केलं. मग मूठ बघितली. शिंग एकाच बाजूला झिजून गुळगुळीत झालंय, तिथे बोट बसायला खळगा पडलाय. माझ्या उजव्या हातात तो खळगा नको तिथे येतो. डाव्या हातात घेतला तेव्हा बरोबर बसला.

तू डावरी. शाळेत मीच तुझा डावा हात पाठीमागे बांधायला लावला असता, पण तू ऐकलं नाहीस.

नवा करवून घ्यायला कुणाला सांगितलं नाहीस ना? हा तुझा आहे. दुकानात काथ्याचे पेंढे, प्लास्टिकच्या गोण्या, सगळं ज्याने कापतेस तो. मशीनच्या तेलाचा वास अजून आहे. पात्यावर एक ठिपका नाही. मला जसा हवा होता तसाच, फक्त उलटा.

मी निजायच्या खोलीत बसून डाव्या हाताने उघडायची सवय करतेय. आता जमतं. दिवसभर खिशात असतो. चालताना मांडीला लागतो आणि मला बरं वाटतं. कालच्या मधल्या सुट्टीत मी झाडापर्यंत गेले, वाळलेली एक काडी कापून बघितली, भिंतीची हाक आली आणि मी लगेच वळले नाही. एवढंच. पण ते सांगावंसं वाटलं.

तू सध्या काय वापरतेस?

सिसिलिया


१० एप्रिल

सिल्व्हिया,

झाला 'प्रकार'. यशोदाकडून अर्धवट ऐकशील म्हणून आधी मीच लिहिते.

आज दुपारी यशोदाची पाडी, गेल्या वर्षीची कालवड, माझ्या परसात शिरली. वानरांच्या त्रासाने ब्रॅंडननेच भाजीवर जुनं मासेमारीचं जाळं ताणून घेतलंय. पाडीने मान घातली, घाबरली, मागे ओढली. नायलॉन ते, जितकं ओढावं तितकं आवळतं. मी ओसरीच्या कोपऱ्यात होते, तिथून परसाची ती बाजू दिसते. पुढचे पाय तिने वर टाकले तेव्हा जाळ्याचा सगळा भार गळ्यावर आला. जीभ बाहेर दिसायला लागली. यशोदा बाजारात. हाका मारल्या, आसपास कुणी नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. "ब्रॅंडन, ग्रील उघड. पाडी मरता थंय."

तो होता. लगेच बोलला. "मम्मी, उन्हात जाव नको. मी कोणाक तरी धाडतंय."

"कोणी पोचाचां नाय. उघड."

"तू पडशील. पाडी लाथ मारतली. मम्मी, आपला ठरला हा ना? मे पर्यंत?"

बघ, तो वाईट नाही. त्याच्या आवाजात भीती होती, ती मला ऐकू आली. पण पाडीचा घोगरा आवाजही ऐकू येत होता, आणि मी माझ्याच ओसरीत उभी होते, गज धरून.

मी खिशातून चाकू काढला. त्याच्या डोळ्यांसमोर, डाव्या हाताने उघडला.

भिंतीला चाकू दिसला. मग, "तुज्या हातात काय आसा?"

"चाकू आसा."

"खंयसून इलो?"

"आकाशातसून पडलो."

कुलपाची पेटी आतल्या अंगाने चार स्क्रूंवर बसवलेली आहे. चाकूचं टोक स्क्रूत घालणं म्हणजे चाकूचा खून, हे मला कळतं. तुला तर जास्तच कळतं. पहिले दोन निघाले. तिसऱ्याला टोक तुटलं. मी तोंडातून असा शब्द काढला की माझ्या वर्गातल्या मुलांनी काढला असता तर बाकावर उभं केलं असतं. उरलेल्या बोथट कोपऱ्याने चौथा फिरवला. पेटी तिसऱ्या स्क्रूवर लोंबकळली आणि ग्रील सरकली. भिंत तेवढा वेळ "मम्मी, मम्मी" म्हणत होती, पाच वर्षांचा असताना म्हणायचा तसं.

गळ्यात आणि दोरीत दोन बोटं घालून, धार बाहेरच्या अंगाला ठेवून कापलं. एकेक दोरा. टोक नव्हतं तेच बरं झालं, कातडीला कुठे लागलं नाही. शेवटचा तुटला तशी पाडी खाली बसली, मग उठली, माझ्या नडगीवर एक लाथ दिली आणि पळाली. ब्रॅंडनचं तेवढं खरं झालं.

मी मातीत बसून राहिले. उन्हात. कुणी हाक मारली नाही.

संध्याकाळी निरोप आला. 'सुट्टी मिळाली की येतोय. सामान आवरून ठेव.'

मी सामान आवरलेलं नाही. पण खोटं कशाला लिहू, माळ्यावरची पेटी खाली काढून ठेवली आहे. उघडून बसते आणि मिटते. आत काय घालायचं? त्या खिडकीत काय लागेल?

यशोदाने सकाळीच निरोप दिला होता, तू यायचं म्हणतेस म्हणून. येऊ नकोस. तुलाही आत घेऊन कुलूप लावील.

सिसिलिया


२७ एप्रिल

सिल्व्हिया,

तो आला आणि गेला.

गाडीतून उतरला तो सरळ ओसरीवर. ग्रीलवरची स्क्रूंची भोकं बघितली, बोट घालून बघितली. मग परसात गेला, जाळं बघून आला. माझी नडगी बघितली, ती अजून निळी आहे. जेवला. जेवताना पुण्याबद्दल अक्षर नाही. मी पेटी मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवली होती, दिसेल अशी. त्याला ती दोनदा ओलांडावी लागली.

जेवण झाल्यावर टेबलापाशी बसला आणि हात पुढे केला, पालथा नाही, उताणा. "हंय दी तो."

मला वाटलं, संपलं. कोयती गेली, विळी गेली, फ्रान्सिसचा गेला, आता तुझा. मी खिशातून काढला. पण त्याच्या हातावर नाही ठेवला. टेबलावर ठेवला आणि माझा हात मागे घेतला. भांडणाला घाबरून नव्हे. माझ्या हातून मी तो देणार नव्हते. घ्यायचाच असेल तर त्याने उचलावा.

त्याने उचलला. उघडायला गेला आणि माझ्यासारखाच अडला. नख फिरवतोय, सापडत नाही.

"ह्यो उलटो कित्याक?"

"सिल्व्हियाचो आसा."

"सिल्व्ही आंटीचो?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "ती बोलता तुज्याशी?"

"बोलणा नाय. चाकू धाडता."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. चाकू डाव्या हातात घेऊन उघडला. तुटलेल्या टोकावर बराच वेळ अंगठा फिरवत होता. टोपलीत मानकुरादाचे पहिले आंबे होते, झाडाखाली पडलेले मीच वेचून आणलेले. त्यातला एक घेतला. देठाकडून काप दिला, ओढून, सलग, एकच. फ्रान्सिसने शिकवलेला. मला वाटलं होतं विसरला असेल. एक फोड मला दिली, एक स्वतः खाल्ली. रस कोपरापर्यंत गेला तरी पुसला नाही. मग चाकू पँटीला पुसला, बापासारखाच, नवी पँट, जेनिस बघत असती तर ओरडली असती.

आणि चाकू परत माझ्याकडे करायला त्याने हात अर्धा उचलला. मी बघत होते. मी काही बोलले नाही, सिल्व्हिया, शपथ. तो हात तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग चाकूकडे. हा मुलगा इंजिनियर आहे, वीजही मोजून बघतो, देवळातल्या गाऱ्हाण्याला हसतो आणि चर्चमधल्या नवसालाही. त्याने चाकू टेबलावर ठेवला. फिरवला, मूठ माझ्या बाजूला येईल असा. आणि हात मागे घेतला.

मला लगेच उचलता आला नाही. डोळे भरले होते आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते, इतके दिवस सगळंच दिसत होतं ना त्याला. मग उचलला. खिशात टाकला.

जाताना म्हणाला, "पुण्याक कळवूक होया." काय कळवणार ते म्हणाला नाही, मी विचारलं नाही. कुलपाची पेटी बॅगेत घालून घेऊन गेला. मागच्या दाराची किल्ली खिळ्याला अडकवली आहे. कॅमेरे आहेत. येशूजवळचा काढला, स्वयंपाकघरातला आणि ओसरीवरचा राहिलाय. राहू दे. आज सकाळी मी त्याच्यासमोरून फाटकाबाहेर गेले, रस्त्यापर्यंत, आणि उभी राहिले. कुणी हाक मारली नाही. मग मलाच कळेना कुठे जायचं ते, इतकी सवय मोडली आहे. परत आले. उद्या पुलापर्यंत जाईन.

ब्रॅंडन मला नवा चाकू करवून देतो म्हणाला आहे, उजव्या हाताचा, काळ्या पोलादाचा. कसालच्या बाजारात एक लोहार आहे म्हणे. मी सांगितलं, पातं मधल्या बोटाएवढं. त्याने माझं बोट मोजून घेतलं.

तेव्हा तुझा तू घेऊन जा. टोक तुटलंय, ते तुझ्या दगडावर गोल करून घे. गोणीचं तोंड कापायला टोक लागत नाही. कुरियरने पाठवणार नाही, जितेंद्रच्या गाडीनेही नाही. न्यायला स्वतः ये. आंबे आहेत तोवर ये.

आणि हातात देणार नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी
बाय